पगारेकाकांच्या वह्या

कारभारी पगारे साठाव्या वर्षी नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि एकसष्टाव्या वर्षी एफवायबीएला बसले. यात हसण्यासारखं बरंच होतं आणि लोक हसलेही. विहारात कुणीतरी म्हणालं, "कारभारी, आता नातवाबरोबर शाळेच्या रिक्षानंच जात जा." कारभारींनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं पहिलं वर्ष राहून गेलं होतं, आणि ते कसं राहिलं हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. चौऱ्याऐंशी साली वडील प्रेसच्या नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागेवर लागायचं तर लगेच लागायला हवं होतं. परीक्षा दीड महिन्यावर असताना कारभारींनी कॉलेज सोडलं ते सोडलंच. पुढं संसार झाला, घर झालं, दोन्ही मुली शिकून मार्गी लागल्या. तरी कुठल्याही फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' लिहिताना त्यांचा हात दर वेळी जड व्हायचा.

वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. पहिल्या दिवशी कारभारी आत शिरले तेव्हा सर आले समजून अख्खा वर्ग उभा राहिला. ते सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि जो हशा पिकला, तो त्यांना चांगलाच झोंबला. त्यानंतर ते कुणाशी फारसं बोलायला गेले नाहीत. मागच्या बाकावर पूजा नावाची मुलगी बसायची, नामपूरहून येऊन हॉस्टेलवर राहिलेली. ती मोबाइलवर फळ्याचा फोटो काढायची. एकदा कारभारींनी वळून तिला सुनावलं, "हात दुखतात का? लिहून घे की." तिनं मोबाइल दप्तरात टाकला. सहा महिन्यांत पोरांशी झालेलं बोलणं एवढंच.

कारभारी मात्र लिहायचे. प्रेसमध्ये चाळीस वर्षं शीट तपासलेला माणूस तो. प्रत्येक पानावर वर नंबर. चुकलं तर खाडाखोड नाही, एक सरळ रेघ आणि बाजूला छोटी सही. शेवटचा तास संपला की चारही वह्या बाकाच्या खणात ठेवायच्या आणि रिकाम्या हातानं निघायचं. द्वारका चौकात गाड्या तुंबायच्या आत बस गाठायची असते, असं ते सांगायचे. पण ते काही खरं कारण नव्हे. कामाच्या जागेवरून कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही आणि गेटवर रोज झडती द्यायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की कागद जागच्या जागी ठेवल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही.

त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, एकदा विचारलंही, "अहो, वह्या कुठंयत तुमच्या? घरी अभ्यास नाही करायचा?"

"वर्गात आहेत. सकाळी लवकर जाऊन वाचतो ना मी."

"धन्य आहे तुमची," चांगुणाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

परीक्षा आठ दिवसांवर आली. त्या सोमवारी कारभारी नेहमीसारखे साडेसातला वर्गात गेले, खणात हात घातला, तर खण रिकामा. दुसऱ्या बाकात पाहिलं, तिसऱ्या बाकात पाहिलं. शेवटी शिपायाला गाठलं.

"रविवारी बाहेरची परीक्षा होती ना, काका. सगळे खण साफ करायचे होते. रद्दीवाला परवाच घेऊन गेला."

कारभारींच्या तोंडचं पाणी पळालं. शिपायाला बोलून उपयोग नव्हता, त्याचं काही चुकलं नव्हतं. ते तसेच घरी आले आणि पडून राहिले. दोन दिवस बरं नाही म्हणून सांगितलं. चौऱ्याऐंशी साली कॉलेज सुटलं ते घरच्या अडचणीपायी, त्यात लाज नव्हती. या वेळी काय सांगणार? लोक वाईट बोलणार नाहीत, वय झालं म्हणतील, आणि तेच त्यांना नको होतं. परीक्षेला बसायचंच नाही, असं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं.

चांगुणाबाईंनी तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून सगळं, अगदी पूजाला सुनावल्याचंही, काढून घेतलं. "मग पोरांकडून मागा."

"कुठल्या तोंडानं मागू?"

"ज्या तोंडानं त्या पोरीला बोललात, त्याच."

गुरुवारी पूजा कॉलेजच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. कारभारी समोर उभे राहिले आणि वह्या गेल्याचं एका दमात सांगून मोकळे झाले. पूजा लाल झाली. तिनं मोबाइल पुढं केला.

पडद्यावर त्यांचंच अक्षर होतं. वर नंबर, मध्ये एक सरळ रेघ, बाजूला सही.

"काका, राग नका मानू. तुम्ही गेले की आम्ही तुमच्या वह्या काढायचो. रोजचे फोटो ग्रुपवर टाकायचो. नंबर असतो ना, म्हणून पानं मागंपुढं होत नाही. सगळा वर्ग यावरच अभ्यास करतो." तिनं पडद्यावरचं पान पुढं सरकवलं. "मला तर सर काय बोलता तेच कळायचं नाय. पोळ्याला घरी गेले, ते परत येणारच नव्हते. मग तुमचं वाचून हळूहळू कळायला लागलं."

खरं तर कारभारींनी रागवायला हवं होतं, न विचारता वह्या काढल्या म्हणून. पण त्यांना राग येईना. ही पोरं आपल्याला हसतात, एवढंच ते इतके दिवस धरून बसले होते.

पूजा त्यांना समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. तिनं तोंड उघडायच्या आतच दुकानदार म्हणाला, "पगारे नोट्स ना? चारही विषय?" आणि त्यानं मागून तयार गठ्ठा काढला.

"दादा, हेच पगारेकाका," पूजा म्हणाली.

दुकानदारानं एकदा गठ्ठ्याकडं आणि एकदा कारभारींकडं पाहिलं. मग स्वतःचं स्टूल पुसून पुढं सरकवलं. "बसा काका, बसा. बरं झालं भेटलात. दुसऱ्या सेमिस्टरच्या कधी देताय? पोरं आत्तापासून विचारताहेत."

कॉलेज का सोडलं, हे कारभारींना आयुष्यभर विचारलं गेलं होतं. पुढचं कधी, हे आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. ते स्टुलावर बसले, गठ्ठा मांडीवर घेतला आणि पानं नीट लावली.

"ही परीक्षा तर होऊ द्या," ते म्हणाले. "जानेवारीपासून देतो."