देवाचा दगड आणि घरचा वरवंटा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि विसरूनही गेलो. चाकणजवळच्या एका गावची ती घटना मात्र अजून आठवते, आणि आठवली की थकायला होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी त्या भागात फौजदार होतो.

गावच्या जत्रेला तमाशाचा फड आला होता. त्यातल्या सोंगाड्याने वगात कौल लावायची नक्कल केली. शेंदूर फासलेल्या दगडावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. हा पठ्ठ्या विचारत होता, बायको नांदायला येईल का? डावी पडली की पुन्हा चिकटवत होता, देव ‘हो’ म्हणेपर्यंत.

सकाळी त्या गावचे पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आले. खेळातला दगड देवळातून उचललेला प्रत्यक्ष देव होता, अशी गावात बोंब उठली होती. "साहेब, बिगीनं चला. पोरं त्याला जित्ता सोडत न्हाईत."

आम्ही पोचलो तोवर सोंगाड्याचं डोकं फुटलं होतं. त्याला जमावातून ओढून चावडीत बसवलं. बाहेर लोक दगड घेऊन उभे. धर्माचा अपमान केल्याबद्दल याला अटक करा, नाहीतर आमच्या हवाली करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी एकेकाला आत घेऊन जबानी सुरू केली. देव उचलताना कोणी पाहिलं? प्रत्येकाला दुसऱ्याने सांगितलेलं. देवळात जाऊन पाहिलं, तर देव जागच्या जागी. तर म्हणे, याने गुपचूप परत ठेवला असणार. आता यावर काय बोलायचं, कपाळ! मग मी प्रश्न बदलला. खेळ बघताना तुम्ही हसलात का? एकजात सगळे म्हणाले, आम्ही नव्हतोच तिथं. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात, आणि सकाळी एक प्रेक्षक सापडेना.

देवळाचा गुरव तेवढा जबानीचा राहिला होता. त्यालाही तेच विचारलं.

"हसलो, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "पोट धरून हसलो. त्यो वरवंटा माझ्याच घरचा हाय. शेंदूर बी म्याच दिला."

हे लोकांपुढे सांगाल का, म्हटलं. त्याला पिढीजात पूजा जाण्याची भीती होती, गावातून उठावं लागलं असतं. तरी तो उठला आणि चावडीच्या पायरीवर उभा राहून सगळं बोलला. लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली, पण हळूहळू पांगले. सोंगाड्याची माफी कोणी मागितली नाही.

मारणाऱ्यांविरुद्ध फिर्याद दे, कायदा तुझ्या बाजूने आहे, असं मी सोंगाड्याला परोपरीने सांगितलं.

"हाय की," तो म्हणाला. "पर कायदा तुमच्यासंगं गाडीत बसून जाईल. आमाला ह्याच गावांतनं फिरायचंय."

भावना दुखावल्याच्या तक्रारी पुढे पुष्कळ आल्या. काही खऱ्याही होत्या. श्रद्धेची टिंगल झाली की माणसाला लागतं, हे मी नाकारत नाही. पण दुखावलेला माणूस तिथे हजर होता का, हे मी आधी विचारायला शिकलो.

काही वर्षांनी भोसरीच्या जत्रेत तोच फड पाहिला. कौलाचा भाग गाळला होता. बाकी खेळ रंगला. फक्त लोक हसायला लागले की सोंगाडी दचकून त्यांच्याकडे बघायचा.