फरशीचं पॉलिश

"मामा, आई नहीं रहीं," शालूताईचा मुलगा फोनवर एवढंच बोलला. मी "येतो" म्हणालो. पण मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता ती मला काही विचारणार नाही, असं वाटलं... महिना होत आला, ते वाटणं विसरता येत नाही.

शालूताई माझी मोठी मावसबहीण. रेल्वेतून निवृत्त झाली आणि डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण छत्तीसगढातल्या आमच्या गुढ़ियारीत ट्रक आणि हातठेल्यांच्या मधून पाय ओढत चालणार कुठे? आमच्या मराठी मंडळाचं सभागृह हळदीकुंकू आणि गणपती सोडले तर बंदच. सचिव मी, किल्ली माझ्याकडे. "सकाळी तासभर उघड नं रे, भिंतीभिंतीनं चालीन मी," ती म्हणाली. उघडलं. हळूहळू पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका येऊ लागल्या, मराठी, छत्तीसगढी, सगळ्या. शालूताई दटावायची, "गप्पा घरी मारा, इथं गुडघे वाकवा." उन्हाळा सरेपर्यंत तिनं भिंत सोडली होती.

मग मंडळात कुरकुर सुरू झाली. आपल्या आजोबांनी वर्गणी काढून बांधलेलं, अन् कोणीबी येऊन राहिलं. "सचिवसाहेब, हॉल आहे का अखाडा?" मला भांडण झेपत नाही. तिला 'नाही' म्हणायचीही हिंमत नव्हती. दरवर्षी गणपतीआधी सभागृहाच्या फरशीला पॉलिश होतं, त्यासाठी बंद ठेवलंय, असं सांगून टाकलं. पुढे म्हणालो, कारागीर गावी गेलाय. ती रोज येऊन पायरीवर बसायची, बाकीच्यांना थोपवायची, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." एकेक बाई गळाली. गणपती झाले, कुलूप पुन्हा लागलं. शेवटी तीही यायची थांबली. पलंग ते मोरी एवढंच चालणं उरलं, मग तेही नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा तिची जीभ जड झाली होती. "पॉलिश झालं का?" मी खाली पाहिलं. "मले तेव्हाच समजलं होतं. मशीनचा आवाज नाही, काही नाही... तू नाही म्हटलं असतं तर भांडली असती रे मी. सगळ्या मंडळाशी भांडली असती. तू मले वाट पाहायला लावली."

तिच्या जाण्याला ते कारण होतं का, हे डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणारही नाही.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. मी तिच्या जिद्दीवर बोललो. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी पाऱ्यातल्या बायका भिंतीलगत उभ्या राहिल्या, जिथून ती चालायची तिथेच. निघताना त्यांच्यातली एक जवळ आली. "काली ले खोलहू का, भैया?" उद्यापासून उघडणार का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"कमेटी से पूछ के बताता हूँ," मी म्हणालो.

"हव," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायकांना सांगायला गेली.

कमिटीला मी अजून विचारलेलं नाही.