नाल्याला बेक म्हणणारा तुळशीराम

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आमच्या कंपनीला एका टेकडीवर मोर्चा मिळाला. टेकडीच्या पायथ्याशी बारमाही वाहणारा नाला होता आणि नाल्याच्या वळणावर आमची पुढची चौकी. टेकडीवर कंपनी हेडक्वार्टर, मागे मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा. चौकीपासून हेडक्वार्टरपर्यंत टेलिफोनची तार मी टाकली होती. मी सिग्नलर, नाईक रहेमान. कामरगावात माझ्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. चौकीतल्या टेलिफोनवर लान्स नाईक तुळशीराम असे. तो रिठदचा. घरी वांगी-मिरचीचा मळा. दोघं वऱ्हाडातले, एकाच दिवशी भरती झालो होतो.

पलटणीत बहुतेक जवान सातारा-पुण्याकडचे. आम्ही ‘मले-तुले’ म्हटलं की हवालदार शिंदे आमची नक्कल करायचा. ‘मराठी शिका आधी,’ म्हणायचा. तुळशीराम हसून सोडून द्यायचा. मी नाही सोडायचो. एकदा त्यावरून माझी आणि शिंद्याची झोंबाझोंबीही झाली.

आमचा पहिला कंपनी कमांडर इंग्लंडच्या उत्तरेकडचा, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याचा मुलगा. आम्ही त्याला खाणवाला साहेब म्हणत असू. कामठीत ट्रेनिंग चालू असताना संध्याकाळी चहाच्या किटलीपाशी बसून त्यानं आम्हाला इंग्रजी शिकवलं. चहा करणं म्हणजे ‘मॅश’. काही नाही म्हणजे ‘नाउट’. हो म्हणजे ‘आय’. नाला म्हणजे ‘बेक’. आम्हाला काय ठाऊक की हे फक्त त्याच्या मुलखातलं इंग्रजी? आम्हाला वाटलं, राजाही असंच बोलत असेल. बदल्यात तुळशीरामनं त्याला वऱ्हाडी शिकवली. साहेब शिंदे हवालदाराला ‘काहून?’ विचारायला लागला तेव्हा शिंद्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तुळशीराम सुट्टीवर घरी जाऊन आला. ‘साऱ्या घराले इंग्रजी शिकवून आलो,’ म्हणाला.

पुढे ब्रह्मदेशात खाणवाला साहेब मलेरियानं आजारी पडला. त्याच्या जागी नवा साहेब आला. मोठ्या शाळेत शिकलेला, कडक इस्त्रीचा. त्याला हिंदुस्थानी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. म्हणून टेलिफोनवर इंग्रजीच बोलायचं, असा त्याचा हुकूम झाला. पहिल्याच दिवशी तुळशीरामनं त्याला ‘नाउट, सर’ असा रिपोर्ट दिला. साहेबानं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

“हे कुठून शिकलास?”

तुळशीरामनं खाणवाल्याचं नाव सांगितलं. साहेब हसला. “ती खाणीतली भाषा आहे. इंग्रजी नव्हे. माझ्या लाइनवर चालणार नाही.”

त्यानंतर असा शब्द तोंडून गेला की पाठीवर पूर्ण बोजा घेऊन टेकडी चढायची शिक्षा. तुळशीरामच्या वाट्याला ती वारंवार आली. मला तेव्हाच कळून चुकलं होतं की साहेबाचा राग तुळशीरामवर नव्हता. तुळशीरामच्या तोंडून त्याला खाणवाला ऐकू यायचा. आपल्याच देशातल्या गरिबाची बोली त्याला काळ्या माणसाच्या तोंडीही सोसवत नव्हती. आणि घाम मात्र रिठदच्या माणसाचा निघत होता.

रात्री तुळशीराम घोकायचा. बेक नव्हे, स्ट्रीम, स्ट्रीम. पण जीभ जे पहिल्यांदा शिकते तेच घाईत बाहेर येतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबाला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

तो दिवस स्वच्छ होता. दुपार कलली होती. सकाळपासून शांत होतं. मी स्विचबोर्डवर बसलो होतो, हेडफोन कानाला. बोर्डावरचं चौकीचं शटर पडलं, म्हणजे तिकडून फोन आला. मी साहेबाला जोडून दिलं. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता.

“सर, जॅप्स क्रॉसिंग द बेक. वाँट मॉर्टर.”

“क्रॉसिंग द व्हॉट?”

“बेक, सर. बेक.”

“असा शब्द इंग्रजीत नाही. नीट रिपोर्ट दे.”

हेडफोनमध्ये गोळ्यांचा आवाज यायला लागला होता. मी उठून उभा राहिलो.

“सर, स्ट्रीम. नाला म्हणतोय तो. मॉर्टर मागतोय.”

साहेबानं माउथपीसवर हात ठेवला. “तो काय म्हणतोय ते मला ठाऊक आहे. तू बस. त्याला म्हणू दे.”

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. मला ठाऊक आहे. त्याला म्हणू दे.

“आय ॲम वेटिंग,” साहेब फोनवर म्हणाला.

 तुळशीरामचा श्वास ऐकू येत होता. मग तो साहेबाशी नाही, माझ्याशी बोलला.

“रहेमान, मले नाई आठवून राह्यलं रे. तूच सांग त्याले.”

मी साहेबाला बाजूला सारून मॉर्टरची लाइन जोडली आणि नाल्यावर गोळे टाका म्हणून ओरडलो. साहेबानं माझ्या हातातली स्विचबोर्डची वायर हिसकली, माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच फायरचा हुकूम दिला. गोळे नाल्यात पडले. जपानी तोवर नाला ओलांडून चौकीत शिरले होते. लाइन मेली.

अंधार पडण्याआधी आम्ही चौकी परत घेतली. तुळशीराम टेलिफोनपाशीच पडला होता. शिंदे हवालदारानं त्याला खांद्यावर घालून टेकडीवर आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. “तुले म्या लय चिडवलं रे,” असं तो त्या मेलेल्या माणसाला वऱ्हाडीत सांगत होता.

साहेबानं वर कळवलं की लाइन खराब होती. मी बटालियनच्या मेजरसमोर उभा राहून सांगितलं, लाइन शाबूत होती, माणूस शाबूत होता, रिपोर्टही वेळेवर आला होता. मेजरनं मला ‘डिसमिस’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी नाइकाची फीत उतरवली. साहेबाला हात लावला म्हणून. लावला. आज असता तर गळाच धरला असता.

लढाई संपल्यावर मी आधी रिठदला गेलो, मग घरी. तुळशीरामचे वडील मळ्यात होते. बाजेवर बसवून त्यांनी मला पाणी दिलं. मी काही लपवलं नाही. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

“म्हंजे त्यानं बराबर सांगतलं व्हतं?”

“बरोबर सांगितलं, बाबा. वेळेवर सांगितलं.”

“अन् त्या साहेबाले समजलं बी व्हतं?”

“समजलं होतं.”

“मंग काहून नाई आयकलं?”

  आजही आमच्या गावात कुणी चार शब्द इंग्रजी झाडले की लोक माना डोलावतात, आणि शहरातून आलेला कुणी आमच्या ‘मले-तुले’ला हसला की स्वतःही ओशाळून हसतात. माझं टाळकं सरकतं. मी उठून जातो.

त्या दिवशी निघताना तुळशीरामच्या आईनं माझ्यासाठी वांगी तोडून आणायला सुनेला हाक मारली. तुळशीरामच्या थोरल्या भावाची बायको ती.

“अवं, इथली नको तोडू, कवळी हायेत. बेकाच्या पल्याडची आन.”

मी चमकून बघितलं. मळ्याच्या कडेनं लहानसा नाला वाहत होता.

“असंच म्हनतो आमी,” म्हातारी म्हणाली. “तुळशीनं शिकोलं.”

सून टोपली घेऊन बेक ओलांडून गेली.