धरणावरच्या युनियनची पेटी

युनियनच्या ऑफिसात कागद साठतात असं लोकांना वाटतं. साफ चूक! कागद उंदीर खातात, फायली भिजतात आणि शेवटी शिल्लक राहतात ते किस्से. माझ्याकडे पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात एक बॅनर, एक रबरी शिक्का आणि वाकड्या पिनेचा एक बिल्ला. परवा एक प्राध्यापक मच्छीमार कामगारांचा इतिहास विचारायला आले. "नाशिकला समुद्र नाही, मग मच्छीमारांची युनियन कुठून आली?" ही त्यांची पहिली शंका. म्हटलं, "बसा, चहा घ्या. धरणं काय नुसती सहलीला बांधलीत?"

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि जो तो युनियन काढत होता. मी नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळ एका वकिलांकडे टायपिस्ट होते. एक दिवस सिन्नरकडच्या एका धरणावर मासे धरणारे तीसेक भोई आमच्या जिन्यात येऊन बसले. त्यांचे म्होरके सखारामतात्या. त्यांचा धाकटा भाऊ रघू वादळात जाळं ओढताना बुडाला होता. धरणाचा ठेका घेतलेल्या शेठनं पोलिसांना सांगितलं, "हा माझा माणूस नाही. आला असेल हौसेनं पोहायला."

"रघू कामावर व्हता, येवढं कागदावर पायजे," तात्या म्हणाले. ते मी फुकटात टाइप करून दिलं. त्याच दिवशी मी त्यांची बिनपगारी सेक्रेटरी झाले. पुढचा सगळा मात्र तमाशाच!

*

आधी बॅनर. सिन्नरच्या एका पेंटरला मधोमध मासा काढायला सांगितलं. बिचाऱ्यानं जन्मभर ट्रकांवर मोर आणि कमळं रंगवलेली. त्यानं कुठल्याशा मुंबईच्या कॅलेंडरवरून मासा उतरवला. पहिल्या सभेत बॅनर उलगडला तर त्यावर हे एवढं पापलेट!

आमच्या धरणात कटला, रोहू आणि मरळ. मग सगळ्यात वयस्कर सभासद कोंडिबा उठला. "ह्यो मासा आपल्या धरणात हाय?"

पेंटर घाबरून म्हणाला, "असणारच की!"

"मंग इतकी वर्सं शेठनं लपवून ठिवला म्हना की!"

"पापलेट दाखवा" ही सातवी मागणी टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. मी ती टाइप केली नाही, म्हणून कोंडिबा बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

*

आमच्या अर्जांवरचे अंगठे धरणावरच उठायचे, जाळ्यातले मासे सोडवता सोडवता. शिक्का तात्यांच्या मासळीच्या टोपलीत. त्यामुळे फाइल लेबर ऑफिसच्या दारात आली की हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून ओरडायचे, "माझ्या टेबलावर नको, पुढे द्या!" पुढचा म्हणायचा, "अहो, थेट साहेबांकडेच न्या ना!"

इतर युनियनांच्या फायली महिनोन्‌महिने झोपायच्या. आमची दुपारच्या चहाआधी साहेबांसमोर! एका मोठ्या युनियनच्या पुढाऱ्यानं मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "बाई, खरं सांगा, तुम्ही यांना काय देता?"

म्हटलं, "वास!"

*

मग संप. तीन दिवस कुणीही जाळं टाकायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोंडिबा कमरेएवढ्या पाण्यात!

तात्या काठावरून ओरडले, "कोंडिबा, संप हाय ना?"

"मी कुठं मासं धरतोय? जाळं धुतोय."

जाळ्यात दोन कटले थडाथड उड्या मारत होते. "आन्‌ हे काय?"

"आता त्यास्नी संपाचं कुनी सांगितलंच नाय!"

कार्यकारिणीनं शिस्तभंगाची कारवाई म्हणून दोन्ही मासे जप्त केले आणि तिथेच तीन दगडांच्या चुलीवर भाजले. सेक्रेटरी म्हणून मला शेपटीचा तुकडा मिळाला.

*

आमच्याकडे होड्या नव्हत्या. लासलगावच्या कांद्याच्या ट्रकांच्या जुन्या ट्यूबा फुगवायच्या, त्यात बसायचं आणि हातांनी पाणी मारत जायचं. आम्ही नाशिकहून पितळी बिल्ले करून आणले. आता उघड्या अंगाच्या माणसानं बिल्ला लावायचा कुठे? कोंडिबानं तो ऐटीत कमरेच्या पंच्याला लावला. धरणाच्या मध्यावर पोचला आणि फुस्स! बिल्ल्याच्या पिनेनं ट्यूब गेली, कोंडिबा पोहत परत.

तात्यांनी तिथल्या तिथे नियम केला, "बिल्ला फकस्त कोरड्यावर!"

*

शेवटी एकदाचे लेबर ऑफिसर चौकशीला धरणावर आले. शेठ छत्री घेऊन हजर. "साहेब, ही माणसं माझी नाहीत. जाळी त्यांची, ट्यूबा त्यांच्या, मर्जी त्यांची. मी यांना ओळखतसुद्धा नाही."

साहेबांनी आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे काही पुरावा?"

काय असणार? हजेरी नाही, चिठ्ठी नाही. साहेब शेठचं म्हणणं लिहून गेले असते तर सगळं संपलं असतं आणि रघू कायमचा हौसेनं पोहायला आलेला ठरला असता.

तात्या माणसांकडे वळले. "चला, जाळी घ्या. सायबांना काम दावू. आन्‌ बिल्ले लावा. कमरेला."

मी कुजबुजले, "तात्या, ट्यूबा!"

"ठाव हाय मला."

तीस ट्यूबा पाण्यात गेल्या. मध्यावर पहिली फुस्स झाली. मग दुसरी. मग तर दिवाळीच! बघता बघता पाण्यावर नुसती डोकी. पोरपणापासून पोहणारी माणसं ती, त्यांना कसली भीती? पण जाळी भराभर खाली चालली होती.

शेठनं छत्री फेकली आणि बुटांसकट गुडघाभर पाण्यात धावला. "अरे गाढवांनो, जाळी सोडू नका! माझी नवी नायलॉनची जाळी आहेत! एक जरी बुडालं तर उद्यापासून एकालाही कामावर घेणार नाही!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

गळ्याएवढ्या पाण्यात, एका हातात जाळं धरून, तात्या ओरडले, "सायेब, लिवलं का? आता आमच्या रघूचं बी नाव लिवा!"