टरबुजाच्या वाडीतला झेंडा

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सहावीत होते. गुरुजींनी युरोपातल्या दर्यावर्दींचा धडा शिकवला. जहाज किनाऱ्याला लागलं, कप्तान उतरला, झेंडा रोवला, राजाच्या नावाने कागद वाचला, भूमी राजाची झाली.

मी विचारलं, "गुरुजी, तिथं आधी कोणी राहत नव्हतं का?"

"होते की, रानटी लोक. त्यांनी पाहुणे समजून फळं दिली, पाणी दिलं, बदल्यात काचेचे मणी घेतले. बस खाली."

गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात आमची टरबुजाची वाडी होती. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या वाळूत ही लागवड करायची. आम्ही बौद्ध, गावात आमची गुंठाभरही जमीन नव्हती. पात्र कोणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून आम्हाला कसता येत होतं. कामं वाटून घेतलेली. बाबा ओल लागेपर्यंत खड्डे खणत, माय शेणखत भरी, मी बी टोचून घागरीने पाणी घाली. वर्षाचे कपडे, माझ्या वह्या, घरातलं तेलमीठ, सगळं त्या वेलांवर.

धडा झाल्यानंतरच्या रविवारी पाटलाचा मुलगा, माझ्याच वर्गातला, चार पोरं घेऊन आला. ट्रकच्या ट्यूबवर बसून, गुडघाभर पाण्यात काठ्यांनी वल्ही मारत. एका काठीला धोतराचा तुकडा बांधला होता. ती त्याने आमच्या वेलांच्या मधोमध रोवली.

"काय करायलाव रे पोरांनो?" बाबांनी हसून विचारलं.

"आमी गोरे हाव. ही जमीन आमाला सापडली."

"सापडली? मग आमी कोण?"

"तुमी रानटी. तुमाला तर सोंगबी काढायला नको!"

पोरं पोट धरून हसली. बाबाही हसले. त्यांनी वाडीतलं पहिलं पिकलेलं टरबूज तोडलं.

"बाबा, नका देऊ," मी म्हणाले.

"अगं, आलेल्याला रिकाम्या हाती लावतेत व्हय?"

टरबूज काखेत मारून पाटलाच्या मुलाने माझ्या हातावर फुटक्या बांगडीचे तुकडे ठेवले. "हे मणी. आता फिटंफाट."

दुसऱ्या सकाळी पाटील स्वतः आला. मागे बैलगाडी आणि गडी.

"लय गोड निघालं रे," तो बाबांना म्हणाला. "माज्या शेतासमोर असला माल, आन् मलाच पत्ता न्हाई."

"मालक, दुष्काळापासनं आमीच करायलोत."

"कागद हाय?"

"नदीचा कसला कागद, मालक?"

"मग? आमच्या पोरानं तर झेंडा लावलाय."

पाटील हसला म्हणून गडीही हसले. मग त्यांनी तोडायला सुरुवात केली. पिकलेली गाडीत गेली, कच्ची पायाखाली. माय गाडीपुढे आडवी झाली. एका गड्याने तिला उचलून बाजूला ठेवलं, पोतं ठेवावं तसं. बाबा हात जोडून उभे होते. दुपारपर्यंत गाडी भरली.

जाताना पाटील म्हणाला, "वेल तुज्या हातचे हायेत, तूच पाणी घाल. मागनं लागतील त्यांची राखण कर. फुटकी तुजी."

बाबांनी मान हलवली. जवळपास दुसरं काम नव्हतं.

मंगळवारी गुरुजींनी वर्गात विचारलं, "पुढे त्या रानटी लोकांचं काय झालं?"

पाटलाचा मुलगा उठला. "गुरुजी, ते राखणीला राहिले." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला इचारा की."

वर्ग हसला. गुरुजींनाही हसू आवरलं नाही. धडा पुढे सरकला.

संध्याकाळी मी घागर घेऊन वाळूत गेले. झेंडा तसाच उभा होता. मी काठीला हात घातला तशी माय ओरडली, "राहू दे! उद्या मालक बघायला येतील."

मी सगळ्या वेलांना पाणी घातलं. झेंड्याच्या बुडाशी एक होता, त्यालाही.