आधीच भरलेलं ‘निल’

दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवरची ती काळी स्क्रीन मी बनवली होती. मी नोंदी विभागात कारकून. फॉर्म बनवायचं साधन शिकून घेतलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माउस नव्हता. हिरवी अक्षरं, एकाखाली एक रकाने, आणि एकातून दुसऱ्यात जायला एन्टर. कुठला रकाना सक्तीचा आणि कुठल्यात आधीच काय भरून ठेवायचं, हे मी ठरवायचो.

‘औषधाची ॲलर्जी’ हा रकाना सक्तीचा होता. तो रिकामा सोडला की मशीन टूं करायचं आणि तिथंच धरून ठेवायचं. ना पुढे जाता यायचं, ना मागे.

खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. कंत्राटी होत्या. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायच्या, विड्या वळत टायपिंग शिकलेल्या. समोर येईल त्याच्याशी तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत बोलायच्या.

“आजोबा, कुठल्या गोळीनं, सुईनं त्रास होतो का?”

“वांगं खाल्लं की खाज सुटती.”

“वांग्याचं न्हाय ओ, औषधाचं!”

“औषध कुटं खातो आमी?”

रांग हसायची आणि रांग वाढायची. ती फाटकापर्यंत गेली की मोठे साहेब माझ्यावर ओरडायचे. शेवटी मी त्या रकान्यात आधीच ‘निल’, म्हणजे काही नाही, असं भरून ठेवलं. नुसतं एन्टर दाबलं की सुटका. रांग आटोपली, साहेबांनी पाठ थोपटली.

अक्का तेवढ्या म्हणाल्या, “साहेब, विचारायच्या आधीच उत्तर कसं काय लिवलंय?”

“तुम्ही विचारा की. वेगळं असेल तर पुसून लिहा.”

त्या विचारायच्या. पण फॉर्म एकदा पुढे गेला की खिडकीवरून काही बदलता येत नसे. ते फक्त माझ्या टेबलावरून व्हायचं. कुणी खाडाखोड करू नये म्हणून मीच तशी सोय केली होती.

एके दिवशी अक्कांच्याच वसाहतीतला एक मागवाला, यंत्रमागावरचा कामगार, तापाने भरती झाला. त्याची बायको केसपेपर घेऊन गेली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. पूर्वी एका इंजेक्शनने त्याचं तोंड सुजलं होतं, हे तिला तेव्हा आठवलं. तिच्याकडून इंजेक्शनचं नाव विचारून घेऊन अक्का खिडकी सोडून माझ्याकडे आल्या.

“साहेब, तेवढं निल बदला. का वॉर्डात जाऊन सांगू?”

“रांग सोडून कुठं जाता? मी करतो ना. वॉर्डात स्क्रीनवर दिसेल.”

मी एका नव्या फॉर्मचे रकाने जुळवत होतो. ते जुळेनात. त्यात चहा आला. निल तसंच राहिलं.

संध्याकाळी त्याला तेच इंजेक्शन दिलं गेलं. तो वाचला, पण पुन्हा मागावर उभा राहू शकला नाही.

चौकशीत नोंद अक्कांच्या नावावर निघाली. मला विचारलं, “खिडकीवरून निल पुसता येतं का?” मी म्हणालो, “येतं.” फॉर्म पुढे गेल्यावर येत नाही, हे सांगितलं नाही. अक्का म्हणाल्या, “मी यांना सांगितलं होतं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “आठवत नाही.”

अक्कांना काढलं. मी नोकरी पूर्ण करून शाल-नारळ घेऊन घरी आलो.

परवा दवाखान्यातून बोलावणं आलं. जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या होत्या आणि जुन्या स्क्रीनची माहिती असलेला मीच एक उरलो होतो. नोंदी विभागाच्या आताच्या मॅडम हसत म्हणाल्या, “काका, आख्ख्या सोलापुरात कुणालाच कशाची ॲलर्जी नाही?”

मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, “हे निल विचारूनच भरलंय ना? म्हणजे तसंच पुढे घेते.”

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. त्या कीबोर्डवर हात ठेवून थांबल्या होत्या. मला जागचं हलता येईना.

“घेऊ नका,” मी म्हणालो. “रिकामं घ्या. माणसं आली की नव्यानं विचारा.” त्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं आणि त्या म्हणाल्या तसं सहीनिशी लिहून दिलं. वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं झालं नाही. रिक्षा केली ती थेट कुंभारीला.

अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मला लगेच ओळखलं. मी बोलत राहिलो, त्या पानं कापत राहिल्या.

“हे मला कशाला सांगताय?” त्या म्हणाल्या. “मला तर त्याच दिवशी माहीत होतं. तुमची आठवण लई उशिरा परत आली की ओ.”

“माफी मागायला...”

“ती राहू द्या. त्या पलीकडच्या ओळीत त्या मागवाल्याचं घर हाय. त्याची बायको माझ्या घरचं हळदीकुंकू घेत न्हाय. माझ्या पोरीच्या लग्नाला ती ओळ आली न्हाय. तिला सांगा. चला.”

मी म्हणालो, आज नको, पुन्हा येतो. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि चपला घातल्या. “पुन्हा कुटं? आत्ता चला.”

त्याच्या दारात मी उभा राहिलो. तो खाटेवर बसला होता, बायको उंबऱ्यात. मी सांगितलं. मध्ये अडलो की अक्का म्हणायच्या, “पुढं.” ‘आठवत नाही’ म्हणालो होतो, तेही सांगायला लावलं.

 ती बाई माझ्याकडे न बघता अक्कांकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली. अक्कांनी उत्तर दिलं. मग त्या दोघींचं बोलणं सुरू झालं, आधी चढ्या आवाजात, मग हळू. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी जावं की थांबावं, हे कुणी सांगितलं नाही. मी तिथंच उभा राहिलो.