आधीचा मार

छापखान्यात तिला सगळे घडीवाली म्हणत. छापून आलेला मोठा कागद तीनदा दुमडायचा आणि हाडाच्या पट्टीनं त्याची कड दाबायची, हे काम ती चौदा वर्षं करत होती. उजवा अंगठा दगडासारखा झाला होता आणि मनगटात पैलवानाला लाजवेल असा जोर आला होता. छापखान्याबाहेर त्या जोराचा कधी उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

नवरा तिथंच कागद कापायच्या मशीनवर होता. पात्याखाली त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अख्खं गेलं आणि एक अर्धं. तेव्हापासून त्याचं नाव साडेआठ. पाठीमागे सगळे म्हणत, तोंडावर कुणी नाही. "बोटं गेली तसा बिचारा चिडका झाला," असं सासू सांगायची. ते खोटं होतं. दहाही बोटं होती तेव्हाही तो मारायचाच, फक्त दोन्ही हातांनी.

त्यांना एक मुलगी होती, सात वर्षांची. तिला मुंगी म्हणत. अंगानं बारीक, आवाज नाही. ती अजून अधूनमधून अंथरूण ओलं करायची, आणि तसं झालं की घडीवालीनं एक रीत बसवली होती. साडेआठ मोरीतून बाहेर येण्याआधी, किंवा जिन्यात त्याची पावलं वाजण्याआधी, ती स्वतःच मुलीला दोन ठेवून द्यायची. तो आला की म्हणायची, "दिलाय मी तिला. तुम्ही नका हात घाण करू." बहुतेक वेळा तो तेवढ्यावर भागवायचा. बापाचा हात जड, आईचा हलका. जड हात चुकवायला हलका आधी उगारायचा. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. उलट आपण पोरीला वाचवतो, असंच ती धरून होती.

छापखान्यामागच्या रद्दीच्या शेडमध्ये एक कुत्री व्यायली आणि चार दिवसांनी ट्रकखाली गेली. पिल्लांतलं एकच जगलं. मालकाच्या बायकोनं त्याला महिनाभर बाटलीनं दूध पाजलं आणि मग "आता कुणीतरी न्या गं" म्हणाली. मुंगीनं ते दप्तरातून घरी आणलं. काळंभोर मादी पिल्लू होतं, म्हणून नाव ठेवलं शाई.

साडेआठनं पिल्लाला मानेला धरून उचललं, पोट बघितलं, खाली सोडलं. "राहू दे. राखण करेल. पण घरात घाण केली तर बघा."

पहिल्याच दिवशी शाईनं दारात तळं केलं. जमिनीच्या लाकडी फळ्यांच्या फटीतून ते खालच्या शिंप्याच्या दुकानात ठिबकलं. शिंपीकाका खालून ओरडले, "वहिनी, वरून काहीतरी पडतंय हो!"

"शाई सांडली, काका!"

"मग पांढऱ्या कापडावर तरी नको. गिऱ्हाईक मला सांडेल!"

मुंगी त्या दिवशी पोट धरून हसली. तेव्हापासून घरात तोच शब्द झाला. मुंगीचं अंथरूण ओलं झालं तरी ती आईच्या कानात हेच सांगायची, "शाई सांडली."

कुत्रीला वळण लावायचं म्हणून घडीवालीनं छापखान्यातून रद्दी कागद आणले आणि मोरीजवळच्या कोपऱ्यात पसरले. मालकाच्या बायकोनं सांगितलं होतं, कागदावर बसायची सवय लावा, मग हळूहळू बाहेर न्या. तिकडे साडेआठ म्हणाला, "एक सोटा करून ठेव." तिनं तोही केला. वीस कागद घट्ट गुंडाळले, थराथराला खळ लावली आणि दोन दिवस उन्हात वाळवले. घडीवालीच्या हातचं काम. त्यात उणं निघणं शक्य नव्हतं. आपटला की लाकडासारखा वाजायचा.

सोट्याचा पहिला मार शाईच्या पाठीवर पडला. साडेआठनं तिचं नाक ओल्या जमिनीवर घासलं, इतकं की दात लागून ओठ फाटला, आणि वरून मोजून सहा मारले. पिल्लू ओरडलं नाही, फाटक्या शिट्टीसारखा नुसता श्वास सोडत राहिलं. मग कपाटाखाली शिरलं आणि तिथंही मुतलं. साडेआठनं त्याला पायानं बाहेर ओढून पुन्हा सहा दिले.

दुसऱ्या दिवसापासून घडीवालीनं आपली जुनी रीत कुत्रीलाही लावली. तो यायच्या आत तीच दोन तडाखे द्यायची. "दिलाय तिला. तुम्ही नका." एकदा हात लागल्यावर तो थांबवणं मात्र सोपं नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे, मुकादमाचं बोलणं डोक्यात असायचं, आणि समोर एक जीव असायचा ज्याला उलट बोलता येत नव्हतं. गुरुवारी दोनाचे नऊ झाले. नवव्याला तिला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं हे कळल्यावर तिनं सोटा टाकला आणि हात धुतले.

कुत्री मात्र शिकेना. कागदाजवळ नेली की थरथरायची, कागद सळसळला की जागच्या जागी मुतायची. मुतायला तिला अख्खं घर चालायचं, तो कोपरा सोडून.

"मठ्ठ आहे," साडेआठ म्हणाला. त्यानं एक गोणी आणून दारामागच्या खिळ्याला टांगली. "रविवारपर्यंत. नाहीतर यात घालून कालव्यात."

 मुंगी गोणीकडे बघत जेवली.

शनिवारी घडीवाली कामावरून आली तेव्हा शिंपीकाकांच्या मशीनचा आवाज येत होता आणि त्यावरून दुसरा, ठक, ठक. वर मुंगी सोटा दोन्ही हातांत धरून कुत्रीला मारत होती. रडत नव्हती, चिडली नव्हती. भांडी घासावी तसं चाललं होतं.

"काय करतेस गं?"

"बाबा येतील ना. त्याच्या आधी मारते," मुंगी म्हणाली. "माझा हात हलका आहे."

घडीवालीनं तिच्या हातातून सोटा काढून घेतला. 

रविवारी सकाळी साडेआठ मोरीत तोंड धूत होता. मुंगी उठली, अंथरुणाकडे बघितलं आणि आईजवळ येऊन म्हणाली, "शाई सांडली." चादर, गोधडी, खालच्या फळ्या, सगळं ओलं. मोरीतलं पाणी बंद झालं. घडीवालीचा हात सवयीनं सोट्याकडे गेला आणि वर उठला.

मुंगीनं डोकं झाकलं नाही. ती वळली, वेण्या पुढे घेतल्या आणि पाठ समोर केली. "पाठीवर मार, आई. तोंडावरचं शाळेत दिसतं."

हात वरच राहिला.

साडेआठ बाहेर आला. फळ्यांवरचं तळं बघितलं. "झालं? शाई सांडली?"

 त्यानं खिळ्यावरची गोणी काढली, कपाटाखालून पिल्लाला मागच्या पायाला धरून ओढलं. ते नखांनी जमिनीच्या फळीला धरून होतं. एक नख तिथंच तुटून राहिलं. त्यानं ते गोणीत कोंबलं, तोंडाला पीळ दिला आणि एकदा भिंतीवर आपटलं, धान्य खाली बसावं म्हणून आपटतात तसं.

"मी केलं!" मुंगी किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खालच्या दुकानात गेला. "तिनं नाही. मी केलं!"

साडेआठनं गोणी टाकली. मुंगीचे केस धरले आणि बायकोकडे हात पुढे केला. "दे तो इकडे."

घडीवालीनं दिला. त्याच्या डाव्या हातावर, अर्ध्या बोटावर. वर्षभर त्या बोटाची मलमपट्टी तिनंच केली होती. नुसता वारा लागला तरी तिथं कळ कुठपर्यंत जाते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो गुडघ्यावर आला. दुसरा तडाखा कानावर, तिसरा नाकावर. रक्त त्याच्या बनियनवर आणि रद्दीच्या कागदांवर उडालं. चौदा वर्षांचं मनगट होतं ते. तो उठू लागला की ती पुन्हा त्याच बोटावर मारायची. खळ फुटली, सोटा उलगडला, तरी कागद हातात धरून ती मारत होती.

"वेडी झालीस का? अगं, नवरा आहे मी!"

"सोड तिचे केस." लग्नाला अकरा वर्षं झाली होती; तिच्या तोंडी 'अहो'शिवाय दुसरी हाक आली नव्हती. "सोड म्हणते ना तुला! साडेआठचे आठ करू का?"

त्यानं केस सोडले. मारापेक्षा त्या आकड्यानंच तो गार झाला.

खालून शिंपीकाकांनी विचारलं, "वहिनी, आज काय सांडतंय?"

"सांडायचं ते सांडलं, काका. आता काही नाही."

मुंगीनं गोणीचा पीळ सोडवला. पिल्लू लंगडत बाहेर आलं, दोनदा पडलं, पसरलेल्या कागदांना लांबून वळसा घातला आणि फिरून गोणीवरच येऊन बसलं. तिथं मुतलं. बराच वेळ, शांतपणे.

घडीवाली बघत राहिली. ज्या कागदावर बसायचं, त्याच कागदाचा मार. आठ दिवस कागद तिनंच पसरला होता आणि तिनंच गुंडाळला होता. मठ्ठ कोण होतं?

तिनं सगळे कागद चुलीत घातले. गोणी कोपऱ्यात अंथरली.

नाक धरून जिना उतरलेला साडेआठ संध्याकाळी परत आला, मुकाट जेवला, भिंतीकडे तोंड करून निजला. तिनं छापखान्यातली लोखंडी पट्टी उशाला ठेवली आणि ती त्याला दिसेल अशी ठेवली. सोमवारी मशीनवर सगळ्यांनी नाकाचं विचारलं. "फळी पडली," तो म्हणाला. समोरच्या टेबलावर घडीवाली फर्मे दुमडत होती. तिनं मान वर केली नाही, एकही कड वाकडी गेली नाही.

शाई पाच दिवसांत गोणीला सरावली. पुढं गोणी दाराबाहेर गेली, मग जिन्याखाली.

मुंगीला वेळ लागला. त्या आठवड्यात अंथरूण दोनदा ओलं झालं. पहिल्यांदा तिनं सांगितलंच नाही, चादर घडी करून कपाटाखाली लपवली. घडी सुरेख होती, कड दाबलेली.

दुसऱ्यांदा सकाळी ती आईच्या उशाशी येऊन उभी राहिली. "आई, शाई सांडली."

घडीवाली उठून बसली. मुंगीनं वेण्या पुढे घेतल्या होत्या, पण पाठ अजून अर्धीच वळली होती. ती आईच्या हातांकडे बघत होती. घडीवालीनं दोन्ही हात गोधडीवर उताणे ठेवले आणि पोर कुठल्या बाजूला वळते त्याची वाट बघत बसून राहिली.